बातम्या वाचणारी

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नजवळच्या त्या छोट्या टीव्ही स्टेशनात सुनेत्राने स्टेशन चालवणाऱ्या तीन नेटवर्क कंपन्या येताना आणि जाताना पाहिल्या. दर वेळी दारावरची पाटी बदलली, नवे साहेब आले, आणि तिने बातम्या वाचण्यासाठी ऑडिशन दिली. "तुमचा अ‍ॅक्सेंट..." एवढंच म्हणून प्रत्येकाने तिला गोड हसत परत कंट्रोल रूममध्ये बसवलं.

यंदा तिसऱ्या नेटवर्कनेही संबंध तोडले. गावच्या बातम्या बंद झाल्या, कॅमेरे विकले गेले. बाहेरून येणारे शिळे कार्यक्रम चालू ठेवायला ती एकटी उरली.

एका दुपारी शोभनाकाकूंचा फोन आला. काकू गावातच राहायच्या आणि जेवताना हेच चॅनल लावायच्या.

"अगं, शेवटी दिला ना तुला चान्स! किती सुंदर वाचतेयस बातम्या."

"काकू, बातम्या केव्हाच कॅन्सल झाल्या."

"मग ही कोण? खाली लाइव्ह लिहिलंय. आणि लाइव्ह आहेस, तर फोन कसा उचललास?"

सुनेत्राने चालू प्रसारण दाखवणाऱ्या मॉनिटरकडे पाहिलं. तिथे कुणीतरी केक भाजत होतं. तरी तिला राहवेना. फोन कानाला धरूनच ती स्टुडिओत गेली. टेबलावर धूळ होती, छताला वायरी लोंबत होत्या. ती निवेदकाच्या रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"काकू, इथे कुणीच नाहीये."

"थांब गं जरा, ऐकू दे," काकू वैतागून म्हणाल्या. "आणि तुझ्यामागे ती कोण बाई येऊन उभी राहिलीये, कानाला फोन लावून? तिला आधी बाहेर काढ."