बोळे

जावयाने लाकडाला लावायच्या तेलाचा डबा फिरवून मागची सूचना वाचली. "बाबा, तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकायचा नाही. आतल्या आत तापून आपोआप पेटतो म्हणे."

सासरे हसले. "जावईबापू, बावीस वर्षं याच कोपऱ्यात टाकतोय. कधी काही झालं नाही."

सासूबाई कप न्यायला आल्या होत्या. दोघे घरात गेल्यावर त्या कमरेवर हात ठेवून वाकल्या, कोपऱ्यातले बोळे उचलले आणि रोजच्यासारखी एकेक चिंधी सोडवून मागच्या तारेवर वाळत घालू लागल्या.

"अगं, काय चाललंय तिकडे?" आतून हाक आली.

"काही नाही," म्हणत त्यांनी शेवटची चिंधी पसरली.