पुसलेलं फंक्शन

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या पंपघरात प्रोग्राम तिसऱ्यांदा कोसळला. भरती चढत होती, आणि पंप बंद म्हणजे खालच्या गल्ल्यांत समुद्र. हा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुर्नीबूंनी, म्हणजे आपल्याकडच्या मुर्नीबाईंनी, तो कोसळला तिथला पत्ता टिपला आणि मेमरीच्या छापील नकाशावर पट्टी ठेवली. प्रोग्रामचा कुठला तुकडा, म्हणजे फंक्शन, मेमरीत कुठल्या पत्त्यावर राहतं, ते नकाशात असतं. या पत्त्यावर कोणीच राहत नव्हतं.

"बू, नकाशा मागच्या आवृत्तीचा तर नाही ना घेतलात?" सहकारी दानांगने टोमणा मारला. "आम्हाला त्याच्यावरूनच झापता!"

"गप रे. सकाळीच छापलाय."

तरी हात कपाटाकडे गेलाच. अकरा वर्षांपूर्वीच्या पहिल्यावहिल्या नकाशात पत्ता बरोबर सापडला. तिथे भरतीची वाट पाहत सेकंद मोजणारं फंक्शन होतं. बूंनीच लिहिलेलं, त्याच वर्षी बूंनीच पुसलेलं.

"पण बू, यंत्राचा हा बोर्ड तर नवाकोरा, गेल्या आठवड्यात खोक्यातून काढला!"

बूंनी कोसळत्या क्षणीच्या मेमरीची छापील प्रत उलगडली. पुसलेलं फंक्शन तिथे जसंच्या तसं बसलं होतं, शेजारी त्याने मोजलेला आकडा. दानांगने गणित करून पाहिलं. अकरा वर्षांचे सेकंद, एकही न गळता.

थोरांसमोर वाकावं तशा मुर्नीबू कागदावर वाकल्या.

यंत्र बंदच होतं. कागदावर शेवटचा अंक सात होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तिथे आठ झाला.