पाण्याची परीक्षा

गॅरेजमधले बोर्ड आडवा ठेवायचे दोन्ही लाकडी घोडे रिकामे होते. विनय पाण्याचा पाइप हातात धरून दारातच थांबला. मागच्या अंगणात लहान मुलांचा फुगवायचा हौद अर्धा भरला होता, आणि त्यात बुडवून बघायचा बोर्डच जागेवर नव्हता.

"सरला, सर्फबोर्ड कुठाय?"

"नैना घेऊन गेली, वेस्टपोर्टला. पहाटे पाचलाच निघाली." सरला चहा गाळत होती. "अरे, मैत्रीण आहे ना बरोबर, प्रीता. चेहरा काय करतोस असा?"

साडेनऊ झाले होते. रेडमंडहून समुद्र अडीच तासांवर.

विनय मूळचा नागपूरचा. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो हनिमूनला, आणि तोही फोटोपुरता, त्याच्याकडे पाठ करून. पोहता येत नाही. अशा माणसाच्या मुलीने एकोणिसाव्या वर्षी सर्फिंग करायचं म्हटलं. मुलांना नाही म्हणायची या देशात सोय नाही, आणि आपल्याकडे गरज नाही. आपल्याकडे 'बघू' म्हणतात. विनय 'बघू' म्हणाला. मग म्हणाला, विकतच्या फोमच्या तुकड्यावर माझी मुलगी जाणार नाही, मी स्वतः लाकडाचा करून देतो. पाण्याच्या परीक्षेत पास झाला की खुशाल जा. तोवर समुद्रात पाय नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे. नैनाने "ओके, डील" म्हणत हात ठेवला.

त्याला तीन वर्षं झाली.

विनय सॉफ्टवेअर टेस्टर. त्याने पास केल्याशिवाय ऑफिसातून एक ओळ बाहेर जात नसे. इथेही तोच खाक्या. माशाच्या काट्यासारखा सांगाडा, त्यावर देवदाराच्या पातळ पट्ट्या, आत नुसती हवा. हवेच्या जागी पाणी शिरलं की बोर्ड उरत नाही, ओझं उरतं, हे तो नैनाला पुन्हा पुन्हा सांगायचा. "वरून चकचकीत, आतून पोकळ. आपल्या मंडळासारखा," सरला म्हणायची. दर उन्हाळ्यात बोर्ड पूर्ण व्हायचा, हौदात दाबला जायचा, आणि शेपटीपाशी बुडबुडे यायचे. विनय गंभीर चेहऱ्याने पट्ट्या उचकटायचा. पुन्हा गोंद, क्लॅम्प, पॉलिश पेपर. वर्ष जायचं. नैना कुरकुरायची नाही. शेजारी बसून घासू लागायची.

"आज टेस्ट व्हायची होती," विनय म्हणाला.

"मीही तेच म्हटलं. तर म्हणते, 'आई, बाबा इज द मोस्ट केअरफुल पर्सन आय नो. त्यांनी केलंय ना, मग इट्स फाइन.'" सरलाने कप पुढे केला. "शपथ मोडली म्हणून सॉरी सांगितलंय तुला. बाविशीची झाली रे ती आता."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं काम न तपासता पास केलं होतं.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पाण्यात उतरताना फोन गाडीत ठेवायचा, हा नियमही त्याचाच. त्याने पुन्हा लावला. चहावर साय धरली.

शेपटीकडच्या सांध्यात शुक्रवारी त्याने गोंद घातलाच नव्हता. नुसता भुसा दाबून वरून व्हार्निश मारलं होतं, मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत मारलं होतं तसंच.