काठीवरची टोपी

हालिंगदालच्या खोऱ्यात लग्नाच्या दिवशी नवरी खुर्चीवर उभी राहून काठीच्या टोकावर टोपी धरते, आणि नवऱ्याने नाचता नाचता उडी मारून ती लाथेने उडवायची असते. तीन वेळा चुकला, तर बिचाऱ्याला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. हाल्वरच्या घराण्यात ही वेळ कधी कुणावर आली नव्हती. पण आज नाचत होता जावई येप्पे, आणि तो निघाला सपाट डेन्मार्कचा. तिकडे उंचवट्यालाही डोंगर म्हणतात.

"वर्षभर सराव केलाय म्हणे," हाल्वर बायकोच्या कानाशी लागला. "सरावाने बेडकाचं हरीण होत नाही, गुन्वोर. उडी रक्तात असावी लागते. आपल्या लग्नातली माझी उडी आठवते ना?"

"न आठवायला काय झालं?" गुन्वोर म्हणाली.

येप्पेची पहिली लाथ हवेत गेली. दुसऱ्या वेळी तर तो पाठीवरच आपटला. पाहुणे खो खो हसले. खुर्चीवरच्या लेकीने, सिग्नेने, ओठ चावला.

तिसऱ्या वेळी टोपी उडाली, ती थेट व्हायोलिनवाल्याच्या मांडीत. अंगणभर टाळ्या पडल्या.

हाल्वर ताडकन उठला. "लबाडी! कार्टीने काठी चार बोटं खाली घेतली!"

गुन्वोरने कोटाला धरून त्याला खाली बसवलं.

"ओरडू नका. तिच्या रक्तातच आहे ते. तुमच्या वेळी मी चांगली वीतभर घेतली होती."