चौकावरचं फडकं

बुधीआजीने रघ्याकाकाचा फोन उलटा करून जमिनीवर ठेवला आणि त्यावर सूप पालथं घातलं.

"उद्या मी गाणार नाय," ती म्हणाली.

उद्या योगिताच्या धाकट्या बहिणीचं, कमळीचं लग्न. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, लग्नाचं चित्र, लिहून झाला होता, मधोमध पालघाट देवी, आणि रीतीप्रमाणे वरून फडकं सोडलेलं. धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाऊन देवीला बोलावलं, की मगच ते बाजूला व्हायचं. सायवनच्या त्या पाड्यावर धवलेरी एकच उरली होती, ती बुधी. तिच्या गाण्यावाचून लग्न लागायचं नाही. आणि आजी रुसली की रुसली!

रुसव्याचं कारण योगिताची वेबसाइट होती. तलासरीला कॉम्प्युटर शिकून आल्यावर तिने पाड्याची चित्रं तिथे मांडली, तेव्हा आजीने एकच अट घातली होती: आधी गाणं, मग देवी. म्हणून पानावर वरपासून गाण्याच्या ओळी होत्या. त्या वाचत वाचत खाली उतरलं, की अगदी शेवटी देवी भेटायची. योगिताला आपल्या हुशारीचं कोण कौतुक वाटलं होतं.

पण लिंक कुणी पुढे पाठवली, तर सोबत कोणता फोटो दाखवायचा, हे सांगायचं ती विसरली. न सांगितलेलं काम यंत्र आपल्या मनाने करतं. त्याने सगळ्यांत मोठा फोटो उचलला. आज रघ्याकाकाने आजीला तो हौसेने दाखवला. डहाणूच्या ग्रुपवर, शुभ सकाळची फुलं आणि टायरची जाहिरात यांच्यामध्ये, देवी उघडीच उभी होती. गाणं कुठेच नव्हतं.

"ती आधीच गावभर फिरते हाय," बुधी म्हणाली. "मी बोलावू कोणाला?"

योगिताला रडूच आलं. तिने भिंतीवरच्या फडक्याचा फोटो काढला आणि रेंजसाठी टेकडीवरच्या ताडापाशी गेली. ऊन कलत होतं. तिने वेबसाइटला सांगितलं, लिंक कुठेही जावो, पुढे हेच दाखव. मग ती लिंक पुन्हा ग्रुपवर टाकली. खाली पाडा पिठात बुडवल्यासारखा पांढुरका दिसत होता. वारा आला, आणि तिला वाटलं, इथून डहाणूपर्यंत, प्रत्येक घरात, कुणीतरी हळूच फडकं सोडतंय. किती वेळ ती तशीच बसून राहिली.

परतल्यावर तिला खोटं बोलवेना.

"आजी, आता जिथे जाईल तिथे आधी फडकंच दिसेल. पण गेलेले फोटो मला झाकता यायचे नाहीत."

बुधीने भिंतीवरच्या फडक्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "कोणी काय बोललं?"

टेकडीवर असतानाच एक उत्तर आलं होतं. योगिताने ते भीतभीतच वाचून दाखवलं. "'ताई, चित्र दिसत नाही. नुसतं फडकं दिसतंय.'"

"मग बराबर दिसतंय," बुधी म्हणाली.

सूप तिने स्वतःच उचललं, आणि आवाज लागतोय का बघायला पहिली ओळ गुणगुणली.