साफ हाताची मुलगी

जयवंताताईंनी चित्र टेबलावरून इफ्फत मॅडमकडे सरकवलं. "हे कोणाचं?"

"आचलचं. पाचवीत असा साफ हात दुसरा नाही."

रेघा खरंच एकसारख्या होत्या. कुठे खोडलेलं नव्हतं. विषय होता 'आमच्या घरातली दुपार'. खाटेवर एक लांबलचक माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. दाराला आतून कडी. खाटेखाली फवारणीच्या औषधाचा डबा, त्यावर लाल खूण.

जयवंताताई अमरावतीहून आल्या होत्या. चित्रकलेत हुशार मूल कोणाला म्हणायचं, याबद्दल बाळापूरचे शिक्षक काय मानतात आणि जपानचे काय, याची त्या तुलना करत होत्या. प्रत्येक शाळेतून त्यांना एक चांगलं चित्र हवं होतं आणि एक कच्चं.

"कच्चं नाही आणलं?"

"कच्ची तर माझीच पोरगी आहे, निखत. आचलच्या बाजूला बसते, पण काही उपयोग नाही. नुसती गिरवागिरव. ते तुम्हाला काय दाखवू?" इफ्फत हसली.

ताई हसल्या नाहीत. "मॅडम, तुम्ही रेघ पाहिली. जपानचे शिक्षक आधी विचारतात, मुलाला दिसलं काय?"

इफ्फतने चित्र पुन्हा हातात घेतलं. दहा वर्षं ती फळ्यावर चित्र काढायची आणि मुलं ते उतरवायची. या वेळी ताईंच्या सांगण्यावरून फळा कोरा होता. म्हणजे हे आचलच्या डोक्यातलं.

"वडील शेती करतात?" ताईंनी विचारलं.

"हो. भगवंतराव."

"तालुक्यात गेल्या महिन्यात तीन शेतकऱ्यांनी..."

दोन हजार सहाच्या त्या ऑगस्टात असं वाक्य कोणी पुरं करत नसे.

"आचललाच विचारते," इफ्फत उठली.

"नको. घाबरेल ती. तिला सोबत घ्या, आधी तिच्या घरी जाऊ."

निघताना इफ्फतने नवऱ्याला फोन लावला. साजिदचं कृषी केंद्र होतं, भगवंतराव तिथलंच गिऱ्हाईक. काही कानावर असेल तर तो सांगेल. बियाणं उगवलं नाही म्हणून लोक भांडायला येत, त्यामुळे दुकान आठवडाभर बंद होतं आणि तो घरीच असायचा. फोन वाजून वाजून बंद झाला.

"झोपला असेल," ती म्हणाली.

ताईंची जीप पांदणीच्या चिखलात फसली. वीस मिनिटं गेली. मागच्या सीटवर आचल बसली होती. तिच्याकडे पाहायची इफ्फतला भीती वाटत होती.

घराचं दार आतून बंद होतं. इफ्फतने दोन्ही हातांनी ते बडवलं. "भगवंतराव! अहो भगवंतराव!" आतून आवाज नाही. तिने खांदा लावला.

"काहून वो मॅडम, दार पाडता काय?" घरामागून भगवंतराव आले, कोपरापर्यंत शेणाने भरलेले. "मांगून या ना! त्या दाराची कडी उघडतच नाही."

इफ्फत ओट्यावर बसली. ताईंनी चित्र पुढे केलं. भगवंतरावांनी मान वाकडी करून पाहिलं.

"हा कोन? म्या काय? आमच्या घरी खाट कुठी हाय, ताई? अन् एवढा लंबा असतो तं पलटनीत नसतो गेलो काय!" ते खो खो हसले. इफ्फतही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

ताई आचलसमोर उकिडव्या बसल्या. "मग हे कोणाचं घर, बाळा?"

आचलने मॅडमकडे पाहिलं. आता मार बसणार असं तिला वाटत होतं.

"फळ्यावर काईच नोतं," ती पुटपुटली. "म्हून म्या बाजूचं पाहून काढलं. निखतचं. तिचे अब्बा तिले नीट जमलेच नोते, मॅडम. म्या साफ काढले."