सहांतला एक

आजीच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून गॅरेजची तिच्यासाठी खोली करायची आणि आजोबांची जुनी गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक आलं, तेही जुन्या गाड्यांचं शौकीन. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांच्या चालू इंजिनावर त्यानं नाणं उभं केलं. नाणं थरथरलं, आडवं झालं. "असल्या इंजिनावर ते हलता कामा नये. राहू द्या," म्हणत तो वळला. अशा वेळी विकणाऱ्याचा चेहरा पडतो, आजोबांचा उजळला. खुर्चीतून आजी म्हणाली, "अहो, प्लगची काढलेली वायर जोडा." "कसली वायर?" "हे इंजिन लग्नापासून ऐकतेय. सहांतला एक गप्प बसला की मला स्वयंपाकघरात कळतं." आजोबांनी वायर बसवली. गिऱ्हाइकानं मागे येऊन पुन्हा नाणं ठेवलं, ते उभं राहिलं. त्यानं चावीसाठी हात पुढे केला. आजोबांनी ती काढली, मुठीत धरली, मग आजीच्या हातात ठेवली. "तूच दे. माझ्याच्यानं व्हायचं नाही."